शाफ्टची थरथर आणि ‘नॉर्थ कॅरोलायना’चे पहिले अठरा महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘यूएसएस नॉर्थ कॅरोलायना ही बॅटलशिप 9 एप्रिल 1941 ला अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि तिची पहिली मोठी लढाई झाली 24 ऑगस्ट 1942 ला. मधले सोळा महिने ती काय करत होती? पर्ल हार्बरनंतरही सहा महिने ती पॅसिफिकमध्ये का नव्हती? तिचे शाफ्ट थरथरायचे आणि न्यूयॉर्कचे लोक तिला शोबोट म्हणायचे असं वाचलं. म्हणजे जहाज मुळातच फसलं होतं का?’

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही आणि नौदलातलाही नाही. मर्चंट नेव्हीत 31 वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली शेवटची 14 चीफ इंजिनिअर म्हणून. त्यामुळे तोफांबद्दल मी कमी बोलेन आणि शाफ्टबद्दल जास्त. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा शाफ्टच आहे, तेव्हा चालून जाईल.

तुम्ही तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. जहाज दाखल झालं म्हणजे लढायला तयार झालं, हे एक गृहीत. ते वारंवार गोदीत परत गेलं म्हणजे बिघडलेलं होतं, हे दुसरं. आणि ते पॅसिफिकमध्ये उशिरा पोचलं ते त्या बिघाडामुळेच, हे तिसरं. पहिली दोन अर्धवट खरी आहेत. तिसरं बहुतांशी चूक आहे.

पहिल्यापासून सुरू करू. फ्लॅटचा ताबा मिळतो त्या दिवशी बिल्डर चावी देतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. नळाला पाणी कुठल्या मजल्यापर्यंत चढतं, कुठली भिंत पावसात ओली होते, हे त्यानंतर वर्षभरात कळतं. जहाजाचं अगदी तसंच. कमिशनिंग म्हणजे ध्वज चढला, कॅप्टन नेमला गेला, रोजनिशी सुरू झाली. 9 एप्रिल 1941 ला न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डात कॅप्टन ओलाफ हस्टवेट यांनी जहाजाचा ताबा घेतला, तेव्हा एवढंच झालं होतं. त्यातही हे जहाज साधं नव्हतं. त्याआधीची अमेरिकी बॅटलशिप, ‘वेस्ट व्हर्जिनिया’, दाखल झाली होती डिसेंबर 1923 मध्ये. मध्ये सतरा वर्षांचा खंड. ज्यानं एवढ्या वर्षांत एकही बॅटलशिप पाण्यात घातली नव्हती, त्या नौदलाची ही नव्या पिढीतली पहिली. तिच्यावर नेमलेल्या सुमारे 1,900 माणसांपैकी कुणालाच हे जहाज कसं वागतं ते माहीत नव्हतं, कारण असं जहाज तोवर नव्हतंच.

आता हे जहाज कशा पिळवटलेल्या परिस्थितीत आखलं गेलं ते बघा. देशोदेशींच्या नौदलांना आवर घालणाऱ्या तहांच्या बंधनामुळे वजनाची मर्यादा 35,000 टन. सुरुवातीचा आराखडा 14 इंची बारा तोफांचा, चारचारच्या तीन बुरुजांत. पण 1936 च्या लंडन तहावर सही करायला जपाननं नकार दिला, आणि तहातल्या सवलतीच्या कलमाचा आधार घेऊन अमेरिकेनं 1937 मध्ये त्या जागी 16 इंची नऊ तोफा घातल्या. चिलखत मात्र 14 इंची गोळ्यांना पुरेल इतकंच राहिलं, कारण तोवर आराखडा खूप पुढे गेला होता. 27 ऑक्टोबर 1937 ला जहाजाचा तळ घातला गेला, म्हणजे बांधणी सुरू झाली. 222 मीटर लांबी, 33 मीटर रुंदी, चार शाफ्ट, एकूण 1,21,000 हॉर्सपॉवर, वेग 28 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). जुन्या अमेरिकी बॅटलशिप 21 नॉटच्या आसपास घुटमळायच्या. म्हणजे नव्या जहाजाकडून खूप जास्त ताकद, बरीच जास्त चाल आणि तरीही कमी वजन, अशी अपेक्षा. आमच्याकडे इंजिन रूममध्ये हे ऐकलं की जुना फिटर हळूच विचारतो, ‘साहेब, मग लोखंड कुठनं काढलं?’ बहुतेक वेळा ते पायातून काढलेलं असतं.

तर थरथर. 1941 च्या उन्हाळ्यात ट्रायलवर गेल्यावर वेग वाढवताच जहाज लांबीच्या दिशेनं जोरात हादरू लागलं. फिलाडेल्फियात बांधलेली तिची जुळी बहीण ‘वॉशिंग्टन’ 15 मे 1941 ला दाखल झाली, तिचीही तीच तऱ्हा. दोन वेगळ्या गोद्या, दोन वेगळ्या कामगारांचे हात, आणि दुखणं एकच. म्हणजे कारागिरी वाईट नव्हती. दुखणं आराखड्यात होतं. एवढ्यावरूनच तुमच्या ‘फसलं होतं का’ या प्रश्नाचा अर्धा निकाल लागतो.

‘शाफ्ट थरथरतो’ हे वाक्य फार ढोबळ आहे. शाफ्ट तीन प्रकारे हलतो. ओला टॉवेल पिळावा तसा तो पिळवटतो. उड्या मारायची दोरी दोन टोकांना धरून हलवावी तसा आडवा-उभा झुलतो. आणि तिसरा प्रकार लोकांच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही: तो स्प्रिंगसारखा पुढेमागे आकसतो आणि ताणतो. एवढा जाड पोलादी दांडा आकसतो कसा, असं वाटेल. मिलिमीटरच्या हिशोबात आकसतो, पण त्याच्या मागच्या टोकाला कित्येक टनांचा प्रोपेलर लटकलेला असतो आणि पुढच्या टोकाला थ्रस्ट ब्लॉक असतो. जहाजाला पुढे ढकलणारा सगळा जोर शेवटी त्या थ्रस्ट ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या पायावर पडतो. पाया किंचित लवचिक असला की शाफ्ट, टर्बाइन, गिअर आणि पाया मिळून एक अवजड झोपाळा तयार होतो. ‘नॉर्थ कॅरोलायना’चं दुखणं हे तिसऱ्या प्रकारचं होतं.

झोपाळ्याला झोका कोण देतं? प्रोपेलर. कोकणात आमच्याकडे ट्रॉलरवाले त्याला पंखाच म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. पंख्याचं प्रत्येक पातं फिरताना जहाजाच्या पोटामागच्या पाण्यातून जातं. ते पाणी सगळीकडे एकसारखं वाहत नाही. जहाजाच्या सांगाड्याच्या आडोशाला ते मंद असतं, मोकळ्या बाजूला वेगवान. त्यामुळे प्रत्येक पातं आडोशातून जाताना जोराचा एक धक्का देतं, बाहेर आलं की धक्का ओसरतो. ‘नॉर्थ कॅरोलायना’च्या आतल्या दोन शाफ्टांभोवती तर नौकेच्या तळातून खाली उतरलेल्या दोन जाड भिंती होत्या, ज्यांना स्केग म्हणतात. शाफ्टला आधार म्हणून आणि पाण्याच्या प्रवाहासाठी त्या सोयीच्या. पण त्यांच्यामागे फिरणाऱ्या पंख्याला आडोशाचं पाणी आणि मोकळं पाणी आळीपाळीनं लागतं. पुढच्या ‘साउथ डकोटा’ वर्गात स्केग बाहेरच्या शाफ्टांना दिले गेले.

आता साधा हिशोब. आकडा समजायला घेतोय, त्या जहाजाचा मोजलेला नाही. समजा आपला झोपाळा मिनिटाला 540 वेळा हलायला बघतो. तीन पात्यांचा पंखा असेल तर मिनिटाला 180 फेऱ्यांवर त्याचे धक्के बरोबर 540 होतात आणि झोका चढत जातो. या वर्गाच्या जहाजांचे शाफ्ट पूर्ण वेगात साधारण 200 फेऱ्यांनी फिरायचे, म्हणजे ही अनुनादाची जागा ऐन धावण्याच्या वेगात आली. चार पाती घातली तर तीच जागा 135 फेऱ्यांवर सरकते. पाच घातली तर 108 वर. पंख्याचा जोर ढोबळमानानं फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून 180 वर जो धक्का 100 मानला, तो 135 वर सुमारे 56 आणि 108 वर 36 होतो. पात्यांची संख्या वाढवून हादरा नाहीसा होत नाही. तो कमी वेगाकडे, कमी जोराच्या जागी ढकलला जातो, आणि तिथून जहाज पटकन पुढे निघून जाऊ शकतं. आजच्या मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या फेऱ्यांच्या घड्याळावर लाल पट्टा असतो तो याच विचारानं, फक्त तिथला हादरा पिळाचा असतो. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, ओलांडून जायचं. नव्या ज्युनिअरला पहिल्या दिवशी हेच बजावतात.

पण चार शाफ्ट असले की आणखी एक गंमत होते. चारही एकाच फेऱ्यांवर ठेवले तरी अगदी तंतोतंत जुळत नाहीत. दोन तंबोरे किंचित बेसुरे असले की आवाज ‘वॉंव-वॉंव’ करत चढतो-उतरतो, तसा हादरा वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. इंजिन रूममधला माणूस ‘आता गेलं’ म्हणून सुस्कारा सोडतो आणि अर्ध्या मिनिटात पायाखालच्या जाळ्या परत खडखडायला लागतात. त्यामुळे मोजमाप करणंही सोपं नसतं. वर खोल पाणी की उथळ, टाक्या भरलेल्या की रिकाम्या, सुकाणू सरळ की वळलेलं, यावरही सगळं बदलतं. म्हणूनच अमुक एका पंख्यानं सगळं बरं झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी जरा सावध होतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, म्हणजे गोदीच्या फेऱ्या का लागतात ते कळेल. मी सेकंड इंजिनिअर असताना एका नव्याकोऱ्या बल्क कॅरिअरवर ताबा घ्यायला गेलो होतो. ट्रायलमध्ये सगळं मर्यादेत. पहिल्याच रिकाम्या फेरीत 84 फेऱ्यांच्या वर गेलो की मेसमधले स्टीलचे पेले टेबलावर चालायला लागायचे. मेसमन ओलं फडकं अंथरून त्यावर ताटं ठेवायचा, वादळात ठेवतात तशी, आणि बाहेर समुद्र तेलासारखा सपाट! गोदीवाल्यांचं उत्तर ठरलेलं: आमच्या मोजमापात नाही. त्यांनी मोजलं होतं वेगळ्या भाराला. तीन आठवडे मी आणि एक मोटरमन हातात टॉर्च घेऊन नटबोल्ट तपासत होतो. शेवटी इंजिनाच्या पुढच्या टोकाला, लांबीच्या दिशेचा हादरा शोषून घेणारा जो तेलाचा डँपर असतो, त्याच्या तेलाच्या नळीत तांब्याच्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडा सापडला. तेल पोचत नव्हतं म्हणून डँपर नावापुरताच होता. तुकडा काढला, पेले जागेवर बसले. तो तुकडा पुढे दोन वर्षं मी काडेपेटीत ठेवला होता.

तात्पर्य एवढंच की हादऱ्याचं मूळ टेबलावर बसून सापडत नाही. एक बदल करायचा, समुद्रात जायचं, मोजायचं, परत यायचं. ‘नॉर्थ कॅरोलायना’वर हेच चाललं होतं, फक्त माझ्या नखाएवढ्या तुकड्याच्या जागी त्यांच्यापुढे चार अवजड पंखे होते. पंखा बदलायचा म्हणजे जहाज सुक्या गोदीत घ्यायचं. वेगवेगळ्या आकाराचे, वेगवेगळ्या पात्यांचे पंखे लावून पाहिले गेले. यंत्रांच्या पायांना जादा मजबुती दिली गेली. दोन्ही बहिणींवरचे निष्कर्ष एकमेकींना आणि पुढच्या वर्गांच्या आराखड्यांना उपयोगी पडले. त्या काळी एवढ्या ताकदीच्या लांब शाफ्टांचा लांबीच्या दिशेचा हादरा आधी गणित मांडून ओळखण्याचं शास्त्रच पुरतं तयार नव्हतं. ते शास्त्र अशाच जहाजांच्या अंगावर तयार झालं. आणि हादरा पूर्ण गेला असंही नाही. तो चालवून घेण्याजोगा झाला.

हा सगळा खटाटोप माझ्यासारख्यांच्या झोपेसाठी नव्हता. एका 16 इंची गोळ्याचं वजन सुमारे 1,225 किलो आणि पल्ला तीस किलोमीटरच्या पुढचा. त्या अंतरावर नेम धरायचा तर उंचावर बसवलेल्या दुर्बिणी आणि अंतरमापक स्थिर हवेत. शाफ्टाचा हादरा जहाजाच्या सांगाड्यातून वर चढतो, आणि उंच टोकाला, झाडाच्या शेंड्यावर वारा जास्त जाणवावा तसा, जास्तच जाणवतो. थरथरत्या काचेतून क्षितिजावरचं जहाज बघून पाहा, मग कळेल.

‘शोबोट’ नावाकडे येऊ. ब्रुकलिनचं नेव्ही यार्ड ईस्ट नदीवर. तिथून समुद्रात जायचं तर मॅनहॅटन आणि ब्रुकलिन या दोन पुलांखालून, साऱ्या शहरासमोरून जावं लागतं. सतरा वर्षांनी बांधलेली पहिली बॅटलशिप दर थोड्या दिवसांनी बाहेर जाते आणि पुन्हा परत येते, हे लोक बघत होते, वर्तमानपत्रं छापत होती. नदीवरून फिरणाऱ्या नाटकवाल्या बोटीचं नाव तिला चिकटलं. सुरुवातीला त्यात चेष्टा होतीच. पण जे नाव चेष्टेनं पडतं ते गावाकडे माणूस पुढे मिरवायला लागतो, तसं तिच्या खलाशांनी ते नाव अभिमानानं घेतलं आणि अजूनही ती त्याच नावानं ओळखली जाते.

आणि त्या फेऱ्यांमध्ये फक्त पंखेच बदलत होते असं समजू नका. ऑगस्ट 1941 च्या अखेरीस तिच्या तोफांच्या चाचण्या झाल्या, नऊही तोफा एकदम डागून सांगाडा ते सोसतो का हे बघितलं गेलं. विमानं हुडकणारा सीएक्सएएम-1 रडार तेव्हा मोजक्याच अमेरिकी जहाजांना मिळाला होता, त्यात ही होती. हलक्या विमानविरोधी तोफा मात्र दाखल होताना तुटपुंज्या: 1.1 इंचाच्या चारनळी चार आणि अर्ध्या इंचाच्या बारा मशीनगन. विमानं बॅटलशिपचं काय करू शकतात हे जगाला 1941 मध्ये कळत गेलं आणि पुढच्या काही महिन्यांत तिच्या डेकवर 20 मिलिमीटरच्या तोफा दाटीवाटीनं बसवल्या गेल्या. हे सामान आधी लढाईवर पाठवलेल्या जहाजावर समुद्रात चढवता आलं नसतं. त्या उशिराचा हा फायदा कुणी फारसा मोजत नाही.

इथपर्यंतचा हिशोब असा: एप्रिल ते डिसेंबर 1941 हे महिने ट्रायल, पंखे, तोफा आणि कॅरिबियन समुद्रातल्या सरावात गेले. त्यात हादऱ्यानं वेळ खाल्ला हे खरं. पण तोवर अमेरिका युद्धात नव्हतीच, त्यामुळे त्या वेळाची किंमत फारशी मोजावी लागली नाही.

7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती अटलांटिकच्या बाजूला होती. इथून पुढच्या सहा महिन्यांचं उत्तर शाफ्टमध्ये शोधू नका. ते नॉर्वेच्या खाड्यांत सापडतं. जानेवारी 1942 पासून ‘टर्पिट्झ’ ही जर्मन बॅटलशिप तिथं दबा धरून होती. तिची बहीण ‘बिस्मार्क’नं मे 1941 मध्ये बुडण्याआधी काय हाहाकार केला होता ते सगळ्यांना आठवत होतं. ‘टर्पिट्झ’ बाहेर पडली असती तर तिला गाठून तोंड देऊ शकतील अशी अमेरिकेची नवी, वेगवान जहाजं त्या घडीला दोनच होती, याच दोन बहिणी. मार्च 1942 च्या शेवटी ‘वॉशिंग्टन’ ब्रिटिश होम फ्लीटला, म्हणजे ब्रिटनभोवतीच्या ताफ्याला, मदत म्हणून स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या नौदल तळाकडे निघाली. वाटेत 27 मार्चला तिच्यावरचे रिअर अॅडमिरल जॉन विलकॉक्स वादळी समुद्रात डेकवरून वाहून गेले ते सापडलेच नाहीत. विचार करा, ज्या ‘वॉशिंग्टन’ला हाच हादऱ्याचा आजार होता तिला उत्तर अटलांटिकच्या हिवाळी समुद्रात खुशाल पाठवलं गेलं. मग शाफ्ट हे ‘नॉर्थ कॅरोलायना’ला अडवून ठेवायचं कारण कसं असेल? ती पूर्व किनाऱ्यावर ठेवली होती ती राखीव म्हणून.

10 जून 1942 ला तिनं पनामा कालवा ओलांडला. पॅसिफिकमधली मिडवेची लढाई नुकतीच संपली होती. कालव्याची दारं 110 फूट रुंद, जहाज 108 फूट 4 इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून वीस इंच जागा! मी त्या कालव्यातून अनेकदा गेलोय आणि अशा मापाच्या जहाजावर असताना खालच्या इंजिन रूमलाही भिंतीला अंग घासल्याचा आवाज ऐकू येतो. 11 जुलैला ती पर्ल हार्बरला पोचली. तिथं तळाशी बसलेल्या जुन्या बॅटलशिप बघून आलेले खलाशी हे नवं जहाज बघायला धक्क्यावर गोळा झाले नसते तरच नवल. चारच दिवसांत, 15 जुलैला, ती ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेबरोबर दक्षिणेला निघाली. 7 ऑगस्टला सोलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनाल आणि तुलागीवर अमेरिकी सैन्य उतरलं तेव्हा त्या भागातली ती एकमेव अमेरिकी बॅटलशिप होती.

आणि मग 24 ऑगस्ट, ईस्टर्न सोलोमन्सची लढाई. इथं तिला बॅटलशिपचं जुनं काम, म्हणजे समोरच्या बॅटलशिपवर गोळे टाकणं, करावंच लागलं नाही. काम होतं ‘एंटरप्राइझ’शेजारी राहून विमानं पाडायचं. आठ मिनिटांच्या त्या धुमश्चक्रीत तिच्या तोफांनी एवढा जाळ आणि धूर ओकला की ‘एंटरप्राइझ’वरून तिला विचारणा झाली, तुमच्या जहाजाला आग लागली आहे का? तिनं किती विमानं पाडली याचे अंदाज 7 पासून 14 पर्यंत जातात. एवढ्या गर्दीत कुणाचा गोळा कुणाला लागला हे कोण सांगणार? जवळ पडलेल्या बॉम्बांतून ती निभावली, विमानाच्या गोळीबारात तिचा एक खलाशी गेला. 28 नॉटचं महत्त्व त्या दिवशी दिसलं. जुनी 21 नॉटची बॅटलशिप विमानवाहू नौकेबरोबर धावूच शकली नसती. ‘एंटरप्राइझ’नं वेग वाढवल्यावर ही सुद्धा जरा मागे पडत होती, पण नजरेच्या आणि तोफेच्या टप्प्यात राहिली. ब्रुकलिनच्या गोदीत पंखे बदलण्यात जे महिने गेले, ते या आठ मिनिटांसाठी गेले असं मला वाटतं.

तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट जोडतो, कारण ‘फसलेलं जहाज’ या शंकेला ती खरी परीक्षा आहे. 15 सप्टेंबर 1942 ला आय-19 या जपानी पाणबुडीनं ‘वास्प’ या विमानवाहू नौकेवर सहा पाणतीर सोडले. ‘वास्प’ला लागले ते लागले, जे चुकले ते तसेच सुमारे दहा किलोमीटर धावत दुसऱ्या ताफ्यात शिरले. एक ‘ओब्रायन’ या विनाशिकेला लागला, एक ‘नॉर्थ कॅरोलायना’ला. युद्धकाळात अमेरिकी नौदलाला वाटलं दोन पाणबुड्या असाव्यात, इतकं ते अविश्वसनीय होतं. ‘वास्प’ त्याच दिवशी बुडाली. ‘ओब्रायन’ महिनाभर तग धरून, दुरुस्तीला जाताना 19 ऑक्टोबरला सामोआजवळ मोडली. ‘नॉर्थ कॅरोलायना’ला डाव्या बाजूला पुढे, पाण्याखाली सहा मीटरवर, साधारण पावणेदहा मीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच भोक पडलं. म्हणजे लांबीला जवळजवळ एका एसटीएवढं. पाच माणसं गेली. जहाज साडेपाच अंशांनी कललं, विरुद्ध बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन पाच-सहा मिनिटांत सरळ केलं, आणि ती 26 नॉटनं ताफ्याबरोबर धावत राहिली.

इंजिन रूमवाला म्हणून मला यातलं शेवटचं वाक्य थांबवतं. पुढे एवढं भोक, डेकखाली पाणी, सगळा सांगाडा एकदा जबर हादरलेला, आणि खाली शाफ्ट 26 नॉटच्या फेऱ्यांवर. ज्यांना चिडवत होते तेच चार शाफ्ट. धक्क्यानं थ्रस्ट ब्लॉकचा पाया सरकला असता, शाफ्टची रेषा थोडी जरी वाकडी झाली असती, तर बेअरिंग तापायला दहा मिनिटंही लागली नसती. यंत्रखान्याची मांडणीही इथं मदतीला होती. चार स्वतंत्र खण, प्रत्येकात दोन बॉयलर आणि एक टर्बाइन, म्हणजे एका खणात पाणी शिरलं तरी बाकीचे तीन शाफ्ट फिरत राहतील. या वेळी तिथवर पाणी पोचलंच नाही हे नशीब.

मग पुन्हा गोदी, या वेळी पर्ल हार्बरची, आणि महिनाभराचं काम. त्यामुळे 14-15 नोव्हेंबरच्या रात्री ग्वाडलकॅनालजवळ बॅटलशिपची बॅटलशिपशी समोरासमोर गाठ पडली तेव्हा ती तिथं नव्हती. तिथं होत्या ‘साउथ डकोटा’ आणि ‘वॉशिंग्टन’, आणि ‘वॉशिंग्टन’नं ‘किरिशिमा’ या जपानी बॅटलशिपला संपवलं. तुम्ही ‘ती उशिरा आली’ म्हणता ना, तर मला खरी हुकलेली वेळ ही वाटते. आणि ती पंख्यामुळे हुकली नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की तो हादरा आज कुठं बघायला मिळतो का. नाही. 1961 पासून ती नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टनला केप फिअर नदीत आहे आणि तिथं संग्रहालय म्हणून खुली आहे. राज्यातल्या शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंटची नाणी जमवून ती भंगारातून वाचवण्याला हातभार लावला होता. मी तिथं गेलो तेव्हा वर तोफांजवळ रांग होती आणि खाली यंत्रखान्यात मी, माझी बायको आणि एक म्हातारा अमेरिकन, एवढेच. बायकोनं विचारलं, एवढा वेळ काय बघताय? टर्बाइनच्या पायाला नंतर जोडलेल्या पट्ट्या दिसतात का ते शोधत होतो. रंगाचे इतके थर चढलेत की जुनं काय आणि जोडलेलं काय ते मला कळलं नाही. बाहेर येऊन मागच्या बाजूला काठावर उभा राहिलो. पंखे खाली आहेत, पण नदीचं पाणी चहासारखं तांबूस आहे, त्यातून काही दिसत नाही.